डोक्यावरचे ओझे

रंगमंचावर येणारा माणूस समोर पाहतो, फार तर विंगेत पाहतो. वर पाहत नाही. वर काय टांगले आहे आणि ते कशाने धरले आहे, हे पाहण्याचे काम दुसऱ्या कुणाचे तरी असते, असे त्याने गृहीत धरलेले असते. कवीही त्याला अपवाद नाहीत.

२० मे १८९६ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात प्रयोग चालू असताना छतातून एक लोखंडी वजन खाली आले आणि प्रेक्षकांतली एक स्त्री ठार झाली. तिथल्या सुमारे सात टनांच्या प्रसिद्ध झुंबराला तोलून धरण्यासाठी दोरांच्या दुसऱ्या टोकाला वजने लावलेली होती, त्यांतले हे एक. झुंबर मात्र जागेवरच राहिले. पुढे गास्ताँ लरू यांनी 'द फँटम ऑफ द ऑपेरा' ही कादंबरी लिहिली, तीत त्यांनी झुंबरच पाडले, आणि जगाच्या लक्षात तेच राहिले. कादंबरीकाराला एवढी मुभा असतेच म्हणा! पण मला खरी हकिगत जास्त अस्वस्थ करते. साऱ्यांची नजर झुंबरावर, आणि पडले ते कुणालाच न दिसणारे वजन.

टांगलेल्या वस्तूचा हिशेब वरवर सोपा वाटतो. शंभर किलोचा ध्वनिक्षेपक दोन दोरांना टांगला की प्रत्येकावर पन्नास किलो. हे दोर सरळ उभे असतील तरच खरे. ते बाजूला फाकत गेले की ताण वाढत जातो. दोर आडव्या रेषेशी तीस अंशांच्या कोनात आले, की दोघांपैकी प्रत्येकावर पूर्ण शंभर किलोंचा ताण येतो. वजन तेवढेच, माणसे तीच, बांधण्याची तऱ्हा फक्त बदलली. म्हणूनच या धंद्यातले जाणकार साखळी जेवढ्या वजनाला तुटते त्याच्या पाचव्या, आणि खाली माणसे बसणार असतील तर कित्येकदा दहाव्या हिश्श्याइतकेच वजन तिच्यावर टाकतात. अनाडी माणसाला ही उधळपट्टी वाटते.

आता कर्टिस मेफिल्डबद्दल सांगतो. शिकागोचा हा कृष्णवर्णीय गायक-कवी. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीला ज्यांच्या गाण्यांनी बळ दिले त्यांपैकी एक. 'पीपल गेट रेडी' हे १९६५ सालचे गीत त्याचेच. १३ ऑगस्ट १९९० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात विंगेट मैदानावर त्याचा खुला कार्यक्रम होता. त्याचे नाव पुकारले गेले, तो गिटार घेऊन मंचावर आला, आणि जोराच्या वाऱ्यात दिव्यांचा सांगाडा त्याच्यावर कोसळला. वय ४८. मानेखालचे सारे शरीर लुळे पडले. गिटार सुटली ती कायमची. गाणे मात्र त्याने सोडले नाही. उताणे पडून राहिले तरच छातीत श्वास पुरेसा भरे, म्हणून तो तसाच पडून एकेक ओळ ध्वनिमुद्रित करी, आणि अशा ओळी जोडून १९९६ मध्ये 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' हा त्याचा शेवटचा संग्रह निघाला. २६ डिसेंबर १९९९ रोजी तो गेला. आपण मात्रा मोजून ओळ लिहितो. या माणसाने श्वास मोजून ओळ म्हटली.

बरोबर एकवीस वर्षांनी, १३ ऑगस्ट २०११ ला, इंडियानापोलिसच्या जत्रेत वादळी वाऱ्याने मंचाचे तात्पुरते छत दिव्यांसह आणि ध्वनियंत्रणेसह प्रेक्षकांवर आले. सात जण दगावले. छत सावरणारे ताण ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधले होते ते ठोकळेच जमिनीवरून घसरले, असे चौकशीत आढळले. कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कुणाचा, हेही त्या संध्याकाळी पुरेसे स्पष्ट नव्हते.

आपल्याकडे उरुसाचा मांडव असो की गणपतीचा, सांगाडा बांबू-सुतळीचा असे आणि त्यावर कर्णे आणि ट्यूबलाइटी चढत. बांधणाऱ्याचा हात त्या ओझ्याला सरावलेला असे. आता त्याच मांडवात मोठाले एलईडी पडदे आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंती येतात. अशा प्रत्येक वस्तूला मुख्य साखळीखेरीज दुसरी पोलादी तार हवी, आणि ती वेगळ्या, तितक्याच भक्कम आधाराला हवी. बऱ्याच ठिकाणी ती असतेही, पण सैल सोडलेली. वीस किलोची वस्तू अर्धा मीटर खाली येऊन तारेला लटकली, तर तारेला बसणारा हिसका वीस किलोंचा नसतो, त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून तार जेवढी आखूड ठेवता येईल तेवढी ठेवतात.