पडत्या संघातील जुना वीर

करी रोड, लालबाग आणि परळ या भागांत गिरण्या चालू होत्या त्या काळी माणसाची पाळी केव्हा संपली हे त्याने स्वतः ठरवावयाचे नसे. भोंगा वाजला की एक माणूस साच्यावरून उठे आणि दुसरा त्याच्या जागी उभा राही. शिवाय दरवाजाबाहेर बदली कामगार रोज सकाळी ताटकळत असत. आत कोणाचा खाडा झाला तरच त्यांची चूल पेटावयाची. 1982 च्या संपानंतर हे जग हळूहळू मोडले आणि आज तो भोंगाही ऐकू येत नाही. परंतु एका प्रश्नाचा विचार करू लागलो की आम्हांस त्याची आठवण होते. ज्याने एके काळी संघास यश मिळवून दिले तो खेळाडू उतरणीस लागला आहे आणि त्याच वेळी संघही हरत आहे. अशा वेळी त्याने राहावे की जावे? खेळाच्या मैदानावर भोंगा नाही. बदली मात्र तेथेही दाराशी उभाच असतो.

या प्रश्नाचे मुंबईच्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अजित वाडेकर हे होय. 1971 च्या आरंभी निवडसमितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडीजमध्ये प्रथमच मालिका जिंकली. 24 ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडलाही त्याच्या भूमीत प्रथमच नमविले. 1972–73 मध्ये इंग्लंडचा संघ येथे आला, तोही 2–1 असा हरून गेला. लागोपाठ तीन मालिका जिंकणारा कर्णधार लोकांच्या दृष्टीने त्या वेळी देवाहून फारसा उणा नव्हता.

मग 1974 साल उजाडले. मार्च महिन्यात बंगळूर येथे कर्नाटकाने उपांत्य सामन्यात मुंबईस मागे टाकले आणि 1958–59 पासून सलग पंधरा वर्षे मुंबईकडे राहिलेला रणजी करंडक हातचा गेला. त्या सामन्यात स्वतः वाडेकर पाय घसरून धावबाद झाले. पुढे उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर तिन्ही कसोट्या गेल्या. लॉर्ड्सवर इंग्लंडने 629 धावा केल्या आणि 24 जूनला आपला दुसरा डाव अवघ्या सतरा षटकांत 42 धावांवर आटोपला. त्यांपैकी 18 एकट्या एकनाथ सोलकरांच्या होत्या. बर्मिंगहॅमला इंग्लंडचे केवळ दोन गडी बाद झाले.

इकडे लोकांचा क्षोभ अनावर झाला. कर्णधाराच्या घरावर दगड पडले. इंदूर येथे विजयाच्या स्मरणार्थ उभारलेल्या बॅटीच्या शिल्पाचीही विटंबना झाली. लवकरच दुलीप करंडकाकरिता पश्चिम विभागाचा संघ निवडला गेला, त्यात वाडेकरांचे नाव नव्हते. त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली. त्यांचे वय त्या वेळी तेहतीस होते.

आता शांतपणे विचार करू. त्या पराभवाची कारणे काय होती? इंग्लंडमधील ओला, गार हंगाम आमच्या फलंदाजांस मानवला नाही. लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी चंद्रशेखरांच्या अंगठ्यास इजा होऊन फिरकीचा एक मुख्य आधार तुटला. कर्णधाराच्या हातून चुका झाल्याच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु 42 धावांचा डाव हा काही एका माणसाच्या वयाचा परिणाम नव्हे. शेवटच्या कसोटीनंतर पाचच दिवसांनी, 13 जुलैला, लीड्स येथे भारत आपला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळला, त्यात याच ‘संपलेल्या’ फलंदाजाने 67 धावा केल्या. आणि वाडेकरांच्या जागी पुढल्या मालिकेकरिता कर्णधार म्हणून कोणास आणले? पतौडींस; म्हणजे वाडेकरांहून सुमारे तीन महिन्यांनी वडील असलेल्या गृहस्थांस! वेस्ट इंडीजविरुद्धची ती मालिका रंगतदार झाली, परंतु भारत ती 2–3 अशी हरला. तात्पर्य, प्रश्न वयाचा नव्हताच. पराभवाचे ओझे कोणाच्या तरी डोक्यावर ठेवावयाचे होते, आणि जे डोके सर्वांत उंच दिसत होते त्यावर ते ठेवले गेले.

तथापि प्रतिपक्षाचे म्हणणे टाकाऊ नाही. वाडेकर गेल्यावर मुंबईने 1974–75 पासून लागोपाठ तीन वर्षे रणजी करंडक परत जिंकला. दाराशी उभे असलेले बदली आत आले आणि त्यांनी साचे नीट चालविले. ज्येष्ठाने जागा अडवून धरली तर तरुणाची उमेदीची वर्षे बाहेरच सरतात, हे गिरणगावास कोणी शिकवावयास नको. मर्चंट हे स्वतः गिरणीमालक ठाकरसी घराण्यातले. 1951 मध्ये दिल्लीस इंग्लंडविरुद्ध 154 धावा काढून, खांदा दुखावल्यावर, चाळिसाव्या वर्षी त्यांनी बॅट खाली ठेवली. ‘आताच का?’ असे लोक विचारतात तोवर उठावे, ‘अजून का नाही?’ असे विचारू लागेपर्यंत थांबू नये, हा विचार त्यांच्याच नावावर सांगितला जातो. विचार मोलाचा खरा. पण ज्यास वैभवाच्या क्षणी उठता आले त्याचा तो विचार आहे. बुडत्या नौकेतून उतरणाऱ्यास तो कसा लागू पडावा?

त्याकरिता पुण्याकडे पाहावे लागेल. प्रा. दि. ब. देवधर यांचा जन्म 1892 चा. महाराष्ट्राचा संघ मुंबईच्या मानाने दुबळा समजला जात असता 1939–40 आणि 1940–41 अशी दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली त्याने रणजी करंडक जिंकला. त्या वेळी देवधर पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. मुंबईविरुद्ध त्यांनी 246 धावा केल्या त्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. परंतु त्यांची थोरवी केवळ या धावांत नाही. विजय हजारे, सोहोनी यांसारखे तरुण त्यांच्या छायेखाली वाढले. हजाऱ्यांनी त्याच संघातून तीनशेच्या वर धावांचा डाव खेळला. ज्याच्या सावलीत रोपे वाढतात त्या झाडास म्हातारे म्हणून कोणी तोडीत नाही.

आणखी एक नाव घेणे अवश्य आहे. पळवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. परंतु ते चर्मकार समाजाचे, म्हणून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधीच लाभले नाही. 1920 मध्ये विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी या अन्यायाच्या निषेधार्थ संघाबाहेर राहणे पसंत केले, तेव्हा कोठे पंचेचाळिशीच्या घरातील बाळूंस उपकर्णधारपद मिळाले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू याच भायखळा-परळ मतदारसंघातून डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व हरले. अधिकार नसतानाही ज्याने संघाची सेवा केली, त्यास ‘आता वय झाले’ असे सांगण्याचा अधिकार त्या काळच्या निवडकांस कितपत होता, याचा वाचकांनीच विचार करावा.

या सर्व उदाहरणांवरून आमचे मत असे झाले आहे की, नेतृत्व सोडणे आणि खेळ सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आणि 1974 मध्ये त्यांची गल्लत झाली. संघ पडतो आहे तर ज्येष्ठाने अधिकार खाली ठेवावा, हे न्याय्य आहे. पण त्याने बॅटही खाली ठेवावी असे त्यातून निघत नाही. सुनील गावस्करांनी 1985 मध्ये ऑस्ट्रेलियातील विजयानंतर कर्णधारपद सोडले आणि फलंदाज म्हणून ते उभे राहिले. मार्च 1987 मध्ये बंगळूरच्या वळत्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध 96 धावांचा जो अखेरचा कसोटी डाव ते खेळले, तो संघास पराभवापासून वाचवू शकला नाही. तरी आपली पाळी कशी संपवावी याचा तो धडाच होय. वाडेकरांस अशी संधी मिळाली नाही. त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी मनात अढी धरली नाही. 1990 नंतरच्या दशकात ते भारतीय संघाचे व्यवस्थापक होऊन परत आले आणि तरुणांच्या पाठीशी उभे राहिले. 2018 च्या 15 ऑगस्टला ते निवर्तले.

तेव्हा पडत्या संघातील जुन्या वीरास आमचे सांगणे एवढेच. आपण राहिल्याने दाराशी उभा असलेला आत येत असेल तर राहावे. त्याची वाट अडत असेल तर उठावे. आणि प्रेक्षकांस सांगणे असे की, भोंगा वाजविण्याचे काम दगडांनी करू नये.