शेरघाटीचा पाषाण

आकाशातून पडलेल्या दगडापुढे आपल्या देशात पूर्वी दोन वाटा असत. एक देवळाकडे जाणारी आणि दुसरी सरकारी कचेरीकडे. बिहारमधील अंधारा येथे २ डिसेंबर १८८० रोजी पडलेला पाषाण पहिल्या वाटेने गेला. गावकऱ्यांनी त्याची स्थापना केली, पूजाअर्चा सुरू झाली. त्यापूर्वी पंधरा वर्षे, त्याच प्रांतात, गया जिल्ह्यातील शेरघाटीजवळ पडलेला दगड मात्र कचेरीत पोहोचला. त्या दगडाचे पुढे काय झाले, हा अशनींच्या संग्रहाच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे.

तारीख २५ ऑगस्ट १८६५, वेळ सकाळी नऊच्या सुमाराची. आभाळ भरलेले होते, पण पाऊस नव्हता. मोठा आवाज झाला आणि सुमारे पाच किलो वजनाचा एकच दगड जमिनीत गुडघाभर खोल रुतला. गयेतील अफूखात्याचे अधिकारी पेपे यांनी ही हकीकत लिहून कळविली आणि दगड कलकत्त्यास रवाना झाला. अफूच्या पिकावर देखरेख करणाऱ्या माणसाने एका दगडासाठी लेखणी उचलावी, याचे आज नवल वाटते. परंतु तशी प्रथा पडून गेली होती. काशीनजीक क्राखुत गावी १९ डिसेंबर १७९८ च्या रात्री दगडांचा वर्षाव झाला, तेव्हा जॉन लॉइड विल्यम्स या इंग्रजाने प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी गोळा केल्या आणि दगडांसह त्या लंडनला धाडल्या. एडवर्ड हॉवर्ड या रसायनतज्ज्ञाने १८०२ साली केलेल्या पृथक्करणात ते दगड होते. आकाशातून दगड पडतात ही खेडुतांची भाकडकथा नव्हे, हे युरोपातील विद्वानांना पटण्यास त्या कामाचा मोठा हातभार लागला. तेव्हापासून हिंदुस्थानातील जिल्ह्याजिल्ह्यांतून दगड आणि कागद जोडीने कलकत्त्याकडे येऊ लागले.

माझ्या मते या जोडीतील कागद अधिक मोलाचा होता. दगड काय, वाळवंटातही सापडतो. पण तो केव्हा पडला, कोणी पाहिला, किती खोल रुतला, हे एकदा हरवले की पुन्हा मिळत नाही.

संग्रहकर्त्यांत त्या काळी देवाणघेवाण चाले. एका पाषाणाचे तुकडे करून कलकत्ता, लंडन, व्हिएन्ना अशी वाटणी होई. शेरघाटीचा एक तुकडा याच मार्गाने व्हिएन्नाच्या शाही खनिजसंग्रहात गेला. तेथील गुस्ताव चेर्माक यांनी १८७२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बहुतेक पाषाणी अशनींत बारीक वाटोळे कण दिसतात. या दगडात ते अजिबात नव्हते. तो आपल्या बेसाल्टसारखा, वितळलेल्या शिलारसातून थिजलेला होता. त्यात काचेसारखे एक अनोळखी द्रव्य आढळले. चेर्माक यांनी त्याला ब्रिटिश म्युझियममधील खनिजविभागाचे प्रमुख नेव्हिल स्टोरी मॅस्केलीन यांच्या सन्मानार्थ 'मॅस्केलिनाइट' हे नाव दिले. प्रचंड आघाताने फेल्डस्पारची झालेली ती काच आहे, हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

शंभरएक वर्षे दगड कपाटात होता. पुढे त्याचे वय मोजले गेले आणि कोडे उभे राहिले. लघुग्रह लहान असतात. ते साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, जन्मानंतर थोड्याच काळात थंड झाले. शेरघाटीच्या दगडाचे वय सर्वसाधारणपणे मानले जाते ते जेमतेम साडेसोळा कोटी वर्षे. इतक्या अलीकडे ज्वालामुखी जागे असतील असा पिंड मोठाच असला पाहिजे. मंगळाचे नाव पुढे आले, पण पुरावा नव्हता. अंटार्क्टिकाच्या बर्फावरून उचललेल्या, शेरघाटीच्याच जातीच्या एका दगडातील काचेत कोंडलेला वायू बोगार्ड आणि जॉन्सन यांनी तपासला. व्हायकिंग यानांनी १९७६ साली मंगळावर मोजलेल्या वातावरणाशी तो जुळला. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे गयेच्या शेतात जे पडले ते मंगळाचे शकल होते, हे समजण्यास ११८ वर्षे लागली. या जातीच्या सर्व दगडांना आज जगभर 'शेरगोटाइट' म्हणतात. इंग्रजांनी बिघडवलेले आपल्या गावाचे नाव असे अमर झाले.

मंगळाचे दगड आता शेकड्यांनी नोंदले गेले आहेत. तथापि पडताना पाहिलेले केवळ पाच : फ्रान्समधील शासिन्यी (१८१५), शेरघाटी, इजिप्तमधील नखला (१९११), नायजेरियातील झगामी (१९६२) आणि मोरोक्कोतील तिसिंत (२०११). उरलेले बहुतेक सहारातून व्यापाऱ्यांच्या हस्ते बाजारात येतात. नायजर देशात नोव्हेंबर २०२३ मध्ये सापडलेला २४.६७ किलोचा मंगळपाषाण जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ५३ लाख डॉलरांना गेला. तो देशाबाहेर गेलाच कसा, याची चौकशी नंतर नायजर सरकारने सुरू केली. आपल्याकडील वसाहतकालीन साहेबांची वाटणी निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. त्यांनी विचारले कोणाला? पण शेरघाटीचा मुख्य भाग कलकत्त्यातच राहिला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात.

आजही देशात पडलेले दगड याच खात्याकडे जमा व्हावेत अशी रीत आहे. नागपूरजवळच्या काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी भर दुपारी दगड पडले, तेव्हा खात्याची माणसे गावोगाव फिरली. ते दगड अगदी सामान्य जातीचे, बाजारात कोणी फारसे विचारणार नाही असे. त्यांतच ब्रिजमनाइट हे पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरांखाली आढळणारे खनिज असल्याचे २०२१ साली खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले.