पालवणकर, बाळू
पालवणकर, बाळू : (१९ मार्च १८७६–४ जुलै १९५५). डावखुरे मंदगती गोलंदाज आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे एक अग्रगण्य भारतीय क्रिकेटपटू. त्यांचा जन्म धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. ‘पालवणकर’ हे आडनाव कोकणातील पालवण या मूळ गावावरून आलेले आहे. वडील लष्करी नोकरीत असल्याने त्यांचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूफळीवर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी या खेळाचे पहिले धडे गिरविले. विठ्ठल व गणपत हे त्यांचे आणखी दोन बंधूही पुढे नामवंत खेळाडू झाले.

बाळूंचा क्रिकेटमधील प्रवेश खेळाडू म्हणून नव्हे, तर मैदानावरील नोकर म्हणून झाला. पुण्यातील एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे व तीवर रूळ फिरविणे ही कामे ते दरमहा तीन रुपये वेतनावर करीत. फुरसतीच्या वेळी सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करण्याची संधीही त्यांना मिळे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथील प्रमुख फलंदाज जे. जी. ग्रेग यांना ते नियमित सराव देत. स्वतःला बाद केल्यास प्रत्येक वेळी ग्रेग त्यांना आठ आणे देत, असे सांगितले जाते. त्या काळच्या क्लबांमध्ये फलंदाजी हा सभासदांचा विरंगुळा व सरावाची गोलंदाजी हे पगारी माणसाचे काम, अशी विभागणी रूढ होती. त्यामुळे बाळूंना फलंदाजीचा सराव क्वचितच मिळाला. गोलंदाजीचा मात्र त्यांना रोज तासन्‌तास अभ्यास घडला. अचूक टप्पा, चेंडू दोन्ही बाजूंस वळविण्याचे कसब आणि गतीतील फसवा बदल हे त्यांचे गुण याच कामातून घडले.

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपीय संघांविरुद्ध सामने जिंकावयाचे होते आणि त्यासाठी बाळूंसारखा दुसरा गोलंदाज उपलब्ध नव्हता. त्यांना संघात घ्यावे की नाही, यावर सभासदांत मतभेद झाले. अखेर त्यांना संघात स्थान मिळाले. परंतु ते केवळ मैदानापुरतेच होते. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसत, तर बाळूंना तंबूबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांची जेवणाची व्यवस्थाही वेगळी असे. त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले, परंतु त्यांची पंगत चालत नसे. पुढे ही बंधने क्रमाक्रमाने सैल झाली. न्या. महादेव गोविंद रानडे व लोकमान्य टिळक यांनी त्यांचा जाहीर गौरव केल्याचे सांगतात.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले. त्यांनी काही काळ लष्करात व नंतर बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून (स्थापना १८९४) ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपीय संघाचा १०९ धावांनी पराभव केला. या विजयात बाळू व इराशा यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. इंडियन सोशल रिफॉर्मर या पत्राने या विजयाचे श्रेय जातिभेद बाजूस सारून संघ निवडण्याच्या धोरणालाही दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. बाळूंची आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणजे हा एकच उन्हाळा होय. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते. संघाने २३ सामन्यांपैकी १५ गमावले. बाळूंनी मात्र एकंदर शंभरावर बळी घेतले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी टिपले. लेस्टरशर व सॉमरसेट या परगण्यांच्या संघांवर भारतीय संघाने विजय मिळविले. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक केले. मायदेशी परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. भारत पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. तोपर्यंत बाळूंचे वय छप्पन्न झाले होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या नामावलीत त्यांचे नाव आढळत नाही.

संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना देण्यात आले नाही. हा मान आपल्याऐवजी बाळूंना मिळावयास हवा होता, असे १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच बोलून दाखविले. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी पडल्यावर नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि बाळूंना वगळण्यात आले. या निर्णयाच्या निषेधार्थ शिवराम व विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली. पुढील सामन्यात तिघांनाही परत घेण्यात आले व बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात पै यांनी मैदान सोडल्यामुळे थोडा वेळ का होईना, संघाचे नेतृत्व बाळूंकडे आले. १९२३ मध्ये विठ्ठल यांची कर्णधारपदी रीतसर नेमणूक झाली. थोरल्या भावाला नाकारलेला मान अशा रीतीने धाकट्या भावाला मिळाला.

निवृत्तीनंतर बाळूंनी सार्वजनिक कार्यात भाग घेतला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले. तीत सुमारे दोन हजार मतांनी त्यांचा पराभव झाला. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

बाळूंनी ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी मिळविले. क्रिकेट हे समतेचे साधन ठरले, असे त्यांच्या उदाहरणावरून पुष्कळदा म्हटले जाते. परंतु हे विधान अंशतःच खरे आहे. संघाला विजयासाठी ज्या कौशल्याची निकड होती, तेवढ्यापुरती दारे उघडली गेली. जेथे अधिकाराचा प्रश्न आला, तेथे ती दीर्घकाळ बंदच राहिली आणि भावंडांच्या संघटित निषेधानंतरच त्यांत बदल झाला. बाळूंच्या कारकीर्दीचे ऐतिहासिक महत्त्व त्यांच्या बळींच्या संख्येइतकेच या वस्तुस्थितीतही आहे.