मुदतीपूर्वीं सोडलेली गव्हर्नरी : सर रिचर्ड टेंपल, १८८०

मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांची यादी चाळीत असतां १८८० सालीं एक लहानशी खांच दृष्टीस पडते. सर रिचर्ड टेंपल यांची कारकीर्द १३ मार्च रोजीं संपते. सर जेम्स फर्ग्युसन यांची २८ एप्रिल रोजीं सुरू होते. आणि मधल्या साडेसहा आठवड्यांत कौन्सिलाचे सभासद लायनेल अ‍ॅशबर्नर हे काम चालवितात. मृत्यूमुळें, दुखण्यामुळें अथवा वरिष्ठांच्या रोषामुळें अशी खांच पडणें नवीन नाहीं. येथें कारण निराळें आहे. गव्हर्नरानें पांच वर्षें राहावें अशी त्या काळची वहिवाट असतां टेंपल तीन वर्षेंहि पुरीं न करतां, इंग्लंडांत पार्लमेंटच्या निवडणुकीस उभें राहण्याकरितां, स्वेच्छेनें पद सोडून गेले. या प्रसंगाचा उल्लेख बहुधा एका ओळींत आटोपला जातो. परंतु त्या काळचे कागद जमविणारांस व वापरणारांस तो अधिक विचार करण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

टेंपल यांचा जन्म ८ मार्च १८२६ रोजीं वुस्टरशायर परगण्यांतील एका जमीनदार घराण्यांत झाला. रग्बी व हेलीबरी येथील शिक्षण संपवून ते कंपनीच्या बंगाल सिव्हिल सर्व्हिसमध्यें शिरले आणि पंजाबांत जॉन लॉरेन्स यांच्या हाताखालीं तयार झाले. १८६२ पासून पांच वर्षें ते बहुतांशीं मध्यप्रांतांचे चीफ कमिशनर होते. नागपुरास त्यांचें स्मरण आपल्या विषयाच्या अंगानेंहि राहावें असें आहे. कारण रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर त्यांनीं गोळा केलेली वन्य जातींची माहिती टेंपल यांनींच संपादून १८६६ सालीं प्रसिद्ध केली. पुढें हैदराबादची रेसिडेंटी, व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत १८६८ ते १८७४ पर्यंत जमाखर्चखातें, नंतर बंगालची लेफ्टनंट गव्हर्नरी, १८७६ सालीं बॅरोनेट ही पदवी, आणि ३० एप्रिल १८७७ रोजीं मुंबईची गव्हर्नरी, असा हा चढता क्रम आहे. यांत एकहि पायरी मताधिकाराची नाहीं. प्रत्येक पद नेमणुकीचें आहे.

मुंबईस येण्यापूर्वींच दख्खनच्या रयतेस त्यांचें नांव ठाऊक झालें होतें, व तें सुखानें नव्हे. १८७४ सालीं बिहारांत दुष्काळ पडला तेव्हां टेंपल यांच्या देखरेखीखालीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणून लोकांचे प्राण वांचविण्यांत आले. मृत्यु फार थोडे झाले. पण खर्च अवाच्या सवा झाला असा बोभाटा उठला. तीनच वर्षांनीं, १८७७ च्या आरंभीं, लॉर्ड लिटन यांच्या सरकारानें त्यांस दुष्काळी प्रतिनिधि म्हणून मद्रास व मुंबई इलाख्यांत धाडिलें. या वेळीं आज्ञा काटकसरीची होती. दुष्काळी कामावरील पुरुषास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, एवढी मजुरी पुरे असें त्यांनीं ठरविलें. 'टेंपल मजुरी' या नांवानें ती कुप्रसिद्ध झाली. मद्रासेस तेथील सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश यांनीं एवढ्या अन्नावर कष्टकरी मनुष्य जगणार नाहीं असें बजाविलें, व कांहीं महिन्यांत तेथें मजुरी वाढवावी लागली. दख्खनांत हजारों मजुरांनीं कमी मजुरीच्या व घरापासून दूरच्या कामांवर जाण्याचें नाकारिलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती मागवून सरकाराकडे अर्ज केले. १८७६ ते १८७८ च्या या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांत पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं, असा अंदाज सरकारी दुष्काळ कमिशनानेंच पुढें केला.

बिहारचे टेंपल व दख्खनचे टेंपल हे एकच गृहस्थ आहेत, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. एके ठिकाणीं उधळेपणाचा ठपका आला म्हणून दुसऱ्या ठिकाणीं त्यांनीं हात आंखडला. वरिष्ठांच्या मनांतील वारा ओळखणारा व त्याप्रमाणें शीड फिरविणारा हा अधिकारी होता. १८८० च्या निर्गमनाचें बीज आम्हांस याच स्वभावांत दिसतें.

गव्हर्नरीचीं तीन वर्षें धामधुमींत गेलीं. १८७८ सालीं सुमारें सात हजार हिंदी फौज मुंबईहून माल्टास रवाना झाली. त्याच वर्षीं लायसन टॅक्सावरून सुरतेस दंगा झाला. फेब्रुवारी १८७९ पासून वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडानें पुणें व आसपासचा मुलूख हालवून सोडला. मे महिन्यांत पुण्याचा बुधवार वाडा जळाला व विश्रामबाग वाड्यासहि आगीची झळ लागली. त्याच सुमारास, नाशिकास असलेले महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली. जुलै महिन्यांत टेंपल यांनीं लिटन यांस लिहिलेलें पत्र अभ्यासकांस परिचित आहे. चित्पावन ब्राह्मणांची राजकीय महत्त्वाकांक्षा शिक्षणानें अथवा नोकऱ्यांनीं शमणारी नव्हे, असा त्याचा रोख आहे. त्याच महिन्यांत फडके पकडले गेले, व जानेवारी १८८० मध्यें त्यांस एडनला नेण्यांत आलें. इकडे अफगाण युद्धासाठीं सिंधमध्यें रुक ते सिबी असा १३४ मैलांचा लोहमार्ग १०१ दिवसांत घातला गेला. सिंध प्रांत मुंबईच्या अधिकारांत असल्यानें टेंपल यांनीं त्या कामीं जातीनें लक्ष घातलें. त्यांच्या उरकाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

परंतु त्या सर्वांहून रयतेच्या जिव्हाळ्याचें काम दुसरेंच होतें. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं. त्या दंग्याची चौकशी होऊन १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे दख्खन शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा, मंजूर झाला. तो पुणें, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांस १ नोव्हेंबर १८७९ पासून लागू झाला. गांवचे मुनसफ नेमावयाचे, तडजोड करणारे पंच निवडावयाचे, खतें नोंदविण्याची नवी व्यवस्था बसवावयाची, हें सर्व काम कागदावरून जमिनीवर उतरावयाचें होतें. असा कायदा चालविणें म्हणजे पहिलीं दोन-तीन वर्षें वरून सतत नजर ठेवणें होय. तो सुरू होऊन साडेचार महिने झाले नाहींत तोंच इलाख्याचा मुख्य अधिकारी बोटींत बसला.

तिकडे ८ मार्च १८८० रोजीं लॉर्ड बीकन्सफील्ड यांनीं पार्लमेंट विसर्जन करण्याचा बेत जाहीर केला. पांचच दिवसांनीं टेंपल यांनीं पदभार सोडला. निवडणुका मार्चअखेरीस सुरू होऊन एप्रिलांत संपावयाच्या होत्या. सुवेझच्या कालव्यानें प्रवास आटोपशीर झाला होता तरी विलंबास वाव नव्हता. पूर्व वुस्टरशायर या आपल्या जन्मपरगण्यांतून ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे उभे राहिले व पडले. तेथील दोन्ही जागा लिबरल पक्षानें जिंकिल्या. त्यांपैकीं एक तर ग्लॅडस्टन यांच्या वडील चिरंजिवांस मिळाली. २३ एप्रिल रोजीं ग्लॅडस्टन मुख्य प्रधान झाले, आणि ज्या पक्षाच्या आशेवर गव्हर्नरी सोडिली तो पक्षच अधिकारभ्रष्ट झाला.

येथें असा प्रश्न निघेल कीं, टेंपल राहिले असते तरी नव्या प्रधानमंडळानें त्यांस काढलें नसतें काय? उत्तर यादींतच आहे. त्यांच्या जागीं आलेले फर्ग्युसन हेहि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे व त्याच पक्षानें नेमलेले होते. तथापि लिबरल अंमलांत ते मार्च १८८५ पर्यंत आपली मुदत पुरी करून राहिले, आणि नंतर स्वदेशीं जाऊन मँचेस्टरमधून पार्लमेंटांत निवडून आले. पुण्याचें सुप्रसिद्ध कॉलेज ज्यांचें नांव धारण करितें ते हेच गृहस्थ. सारांश, मुदत पुरी करणें व पार्लमेंटांत जाणें यांत विरोध नव्हता. घाई मात्र टेंपल यांची होती. लॉर्ड लिटन यांनींहि त्याच वर्षीं राजीनामा दिला, परंतु तो आपला पक्ष हरल्यावर. एकानें धोरणाचा पराभव झाला म्हणून पद सोडलें. दुसऱ्यानें आपला विजय होईल म्हणून सोडलें.

जुनीं उदाहरणें पाहिलीं तर भेद अधिक स्पष्ट होतो. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८१९ ते १८२७ अशीं आठ वर्षें मुंबईची गव्हर्नरी केली. मागाहून गव्हर्नर जनरलचें पद दोनदां देऊं केलें असतां तें नाकारलें, व उर्वरित आयुष्य ग्रंथलेखनांत घालविलें. सर जॉन माल्कम यांनीं १८३० सालीं तीन वर्षांच्या कारकीर्दीनंतर मुंबई सोडली व १८३१ सालीं पार्लमेंटांत प्रवेश केला. म्हणजे टेंपल यांची वाट अगदींच अनोळखी नव्हती. त्यांच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, हिंदुस्थानची अखेरची सत्ता पार्लमेंटाचे हातीं होती. तेथें हा देश जाणणारा मनुष्य असणें हिताचें होतें. पार्लमेंटच्या सभासदास त्या काळीं वेतन नव्हतें. तें १९११ सालीं सुरू झालें. तेव्हां द्रव्यलोभाचा आरोप टिकणार नाहीं. पुढें १८८५ ते १८९५ पर्यंत ते पार्लमेंटांत बसले. लंडनच्या स्कूल बोर्डांतहि त्यांनीं काम केलें. परंतु प्रधानमंडळांत त्यांस स्थान मिळालें नाहीं, व १५ मार्च १९०२ रोजीं ते निवर्तले. जें उंच म्हणून धरावयास गेले तें हातीं आलें नाहीं. जें हातीं होतें तें मुंबईस राहिलें.

आमच्या शास्त्रांत 'अधिकार' या शब्दास जो अर्थ आहे त्याचें येथें स्मरण होतें. मीमांसकांच्या मतें अधिकार म्हणजे केवळ सत्ता नव्हे. कर्म करण्याची योग्यता व त्याच्या फळाशीं संबंध हीं दोन्ही त्यांत येतात. वैयाकरणांचा अधिकार तर एका सूत्रांत उच्चारला जाऊन पुढील सूत्रांत चालत राहतो, व त्याची मर्यादा संपेपर्यंत प्रत्येक सूत्रास अर्थ देतो. मध्येंच तो तुटला तर पुढील सूत्रें लंगडीं पडतात. १८८० च्या मार्चनंतर दख्खनची तीच स्थिति झाली. कर्जनिवारणाचा कायदा चालला, पण तो घडला त्या वेळच्या मुख्य अधिकाऱ्यावांचून. जुलै महिन्यांत मैवंद येथें मुंबईच्या पलटणींची दाणादाण झाली, तेव्हां त्या युद्धाची तयारी करविणारा गव्हर्नर पडलेला उमेदवार होऊन इंग्लंडांत होता.

याच इलाख्यांत त्याच सुमारास दुसऱ्या एका सरकारी नोकरानें आपली जागा सोडली. रत्नागिरीच्या हायस्कुलांतील शिक्षक विष्णु कृष्ण चिपळूणकर यांनीं १८७९ सालीं राजीनामा दिला, व जानेवारी १८८० मध्यें पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. एकानें लहान पद टाकून अनिश्चित कार्य पत्करलें. दुसऱ्यानें मोठें पद टाकून अनिश्चित मान पत्करला. चिपळूणकरांच्या त्यागानें कोणाचें सुरू केलेलें काम अर्धवट राहिलें नाहीं. पदत्याग बरा कीं वाईट हें पदाच्या उंचीवरून ठरत नाहीं. मागें काय टाकलें व पुढें काय घेतलें यावरून ठरतें, एवढेंच या जोडीवरून आम्ही सुचवितों.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचा मुद्दा. टेंपल हे हात न थांबणारे लेखक होते. त्यांचीं टिपणें व पत्रें लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आहेत. 'इंडिया इन १८८०' हा ग्रंथ त्याच वर्षीं, हिंदुस्थानांतील आपल्या कालखंडाविषयींचा आठवणींचा ग्रंथ १८८२ सालीं, व आत्मचरित्र १८९६ सालीं निघालें. या सर्वांस एकाच तोलाचा पुरावा मानून एकत्र वापरणें धोक्याचें आहे. १३ मार्च १८८० पूर्वींचा कागद हा जबाबदार अधिकाऱ्याचा आहे, आणि त्यांतहि लिटन यांस लिहिलेलें खाजगी पत्र व कौन्सिलांतील टिपण यांचे वाचक वेगळे आहेत. नंतरचें लेखन हें मतदारांपुढें हरलेल्या व पुनः उभें राहूं इच्छिणाऱ्या मनुष्याचें आहे. त्यांत आपल्या कारकीर्दीचा ताळेबंद जमेचाच निघावा हें साहजिक होय. दुष्काळाविषयींचीं त्यांचीं विधानें या दृष्टीनें विशेष जपून घ्यावीं.

उलट बाजूच्या साधनांसहि हाच नियम लागू आहे. सार्वजनिक सभेचें त्रैमासिक १८७८ सालीं सुरू झालें. त्यांतील व 'ज्ञानप्रकाश', 'इंदुप्रकाश' या पत्रांतील मजकूर समकालीन आहे. 'केसरी' जानेवारी १८८१ मध्यें निघाला, म्हणजे टेंपल गेल्यावर. त्यांतील टेंपलविषयक उल्लेख हा आठवणीचा पुरावा होय. दख्खनच्या चार जिल्ह्यांतील घराण्यांच्या दप्तरांत नोव्हेंबर १८७९ नंतरचीं कर्जखतें, तडजोडीचे कागद व गांवमुनसफांचे निवाडे आढळल्यास तीं रद्दी म्हणून टाकूं नयेत. गव्हर्नराच्या टिपणांत जो कायदा यशस्वी दिसतो तो खेड्यांत कसा चालला, हें त्याच जीर्ण कागदांवरून कळेल. त्यांवरील तारीख आधीं पाहावी, मग मजकूर वाचावा.