साखरेचे माप : वैद्याच्या हातून घराच्या फडताळात

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्यामध्ये आंबिवली हे स्थानक आहे. जवळच मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'एनआरसी'चा कारखाना होता. २००९ मध्ये तो बंद पडला. पण त्याआधी अनेक दशके तेथे रेयॉनचा धागा निघत असे. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांची प्रक्रिया करून दाट द्राव करायचा, तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा, की धागा तयार होतो. हे सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. पाळी संपवून घरी आलेला कामगार जो भात खाई, त्यातील स्टार्च हीदेखील ग्लुकोजचीच साखळी. फरक एवढाच, की दोन रेणूंना जोडणाऱ्या बंधाची ठेवण दोहोंत निराळी असते. स्टार्चमधील बंध आपल्या लाळेतील व आतड्यातील विकरे तोडतात. सेल्युलोजमधील बंध त्यांना तोडता येत नाहीत. म्हणून भाताचे तासा-दोन तासांत रक्तातील ग्लुकोज होते, आणि पालेभाजीतील सेल्युलोज न पचता पुढे सरकते. मधुमेह्याच्या पथ्याचा पुष्कळसा भाग या फरकावर उभा आहे.

आता थोडा हिशेब करू. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. शरीरात पाच लिटर रक्त धरले तर हे सारे ग्लुकोज जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा भरते. १०० ग्रॅम शिजलेल्या भातातून याच्या पाच-सहापट ग्लुकोज शरीरात येते. तरीही रक्तातील पातळी थोडीच वाढून पूर्ववत होते. कारण स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे ग्लुकोज स्नायूंत व यकृतात पोचवण्याची व्यवस्था करते. इन्सुलिन नसले, कमी पडले किंवा त्याचा परिणाम पुरेसा होईनासा झाला, की साखर रक्तात साठते. ही साठलेली साखर डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे जाणवतही नाही. म्हणून मधुमेहाचा इतिहास बऱ्याच अंशी साखर मोजण्याचा इतिहास आहे. हे माप कोणाच्या हाती होते आणि ते रुग्णाच्या ताटाजवळ कसे आले, एवढाच धागा आम्ही येथे धरणार आहोत.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांना रोगाची खूण ठाऊक होती. मूत्र गोड होते आणि त्याकडे मुंग्या धावतात, हे त्यांनी पाहिले होते. सुश्रुतसंहितेत जन्मजात आणि अपथ्यातून होणारा असे प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, तर चरकसंहितेत जवाच्या अन्नावर भर आहे. जव हे तंतुमय पदार्थांनी समृद्ध धान्य आहे, हे आज आपण जाणतो. मात्र मुंगी 'साखर आहे' एवढेच सांगते. 'किती आहे' हे सांगत नाही.

युरोपात १६७४ मध्ये थॉमस विलिस याने मूत्राच्या गोडीची नोंद केली. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन याने रुग्णाचे मूत्र आटवून साखरेसारखा अवशेष मिळवला आणि रक्तद्रवही गोड असल्याचे दाखवले. म्हणजे दोष केवळ मूत्रपिंडाचा नाही, साखर रक्तातूनच येते, हे उघड झाले. १८१५ मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही साखर द्राक्षशर्करा, म्हणजेच ग्लुकोज, असल्याचे सांगितले.

पुढची पायरी पॅरिसमध्ये घडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे दोन मते होती. पिओरी या डॉक्टरांचे म्हणणे असे, की मूत्रातून साखर वाया जाते, तेव्हा रुग्णाने ती जास्त खाऊन भरून काढावी. हे ऐकायला तर्कशुद्ध वाटते. बुशार्दा या दुसऱ्या वैद्याने तर्कापेक्षा मापावर भरवसा ठेवला. १८७० च्या युद्धात पॅरिसला वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली, आणि त्याच्या रुग्णांच्या मूत्रातील साखर घटली किंवा नाहीशीच झाली. बुशार्दाने आपल्या रुग्णांना स्वतःचे मूत्र रोज तपासायला शिकवले. कोणता पदार्थ किती सोसतो हे ज्याने त्याने पाहावे, कमी खावे आणि अंगमेहनत करावी, असा त्याचा उपदेश होता. रुग्णाने स्वतः मोजावे व त्यावरून ताट ठरवावे, ही कल्पना अशी दीडशे वर्षांची जुनी आहे.

मोजण्याची रीत सोपी केली ती स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने, १९०८-०९ च्या सुमारास. निळे बेनेडिक्ट द्रावण शिक्षकांच्या परिचयाचे आहे. ५ मिलिलिटर द्रावणात मूत्राचे आठ थेंब घालून उकळले, की साखरेच्या प्रमाणानुसार रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होतो. स्पिरिटच्या दिव्यावर किंवा स्टोव्हवर अशी परीक्षानळी तापवणारी घरे आपल्याकडेही पुष्कळ होती. परंतु या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. रक्तातील ग्लुकोज साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज मूत्रपिंडे ते मूत्रात सोडत नाहीत. शिवाय मूत्र मूत्राशयात काही तास साठलेले असते. म्हणजे रुग्णाला कळे ते काही तासांपूर्वीचे, आणि तेही साखर बरीच वाढल्यावरचे. साखर धोक्याइतकी कमी झाली, तर निळा रंग काहीच सांगत नसे.

इन्सुलिनपूर्वी उपाय एकच होता, उपासमार. अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतीने मधुमेही मुले अत्यल्प अन्नावर काही महिने, काही वर्षे जगत आणि हाडांचा सापळा होऊन जात. बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ मध्ये टोरांटो येथे स्वादुपिंडाचा अर्क मिळवला आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचण्यात आला. मुले वाचू लागली. पण त्याबरोबर रोजचे नवे गणित सुरू झाले : इन्सुलिन किती, अन्न किती, श्रम किती. हे गणित डॉक्टर दिवसातून तीनदा घरी येऊन सोडवू शकत नाही. बोस्टनचे एलियट जॉस्लिन यांनी हे ओळखले होते. १९१८ मध्येच त्यांनी डॉक्टर व रुग्ण या दोघांसाठी मिळून एक पुस्तिका काढली होती आणि रुग्णशिक्षण हा उपचाराचाच भाग मानला होता.

आपल्याकडे याच विचाराचे काम मुंबईत सुरू झाले. १९५५ मध्ये डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. परदेशी पथ्याचे तक्ते पाव, बटाटा व मांस यांचे. आपल्या ताटात भात, भाकरी, डाळ, उसळ. तेव्हा पथ्यही इथल्या वाटीने आणि पळीने मोजले जाणे भाग होते. त्या काळी मधुमेह हा आपल्याकडे फारसा मोठा प्रश्न मानला जात नसे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९७२ ते १९७५ या काळातील पाहणीत त्याचे प्रमाण शहरांत २.१ टक्के आणि खेड्यांत १.५ टक्के आढळले होते.

दरम्यान मोजण्याच्या रसायनात क्रांती झाली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे बुरशीपासून मिळणारे विकर इतर शर्करांना जवळजवळ न शिवता ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो आणि दुसऱ्या विकराच्या मदतीने तो रंगद्रव्याचा रंग बदलतो. ही सारी प्रयोगशाळा कागदाच्या पट्टीवर वाळवून बसवण्याचे काम हेलन व आल्फ्रेड फ्री या दांपत्याने माइल्स लॅबोरेटरीजमध्ये केले. मूत्रासाठी अशी 'क्लिनिस्टिक्स' पट्टी १९५६ मध्ये आली. १९६० च्या दशकाच्या मध्यास रक्ताच्या थेंबासाठी 'डेक्स्ट्रोस्टिक्स' आली आणि १९७० च्या सुमारास तिचा रंग वाचणारे यंत्र आले. हे यंत्र डॉक्टर व रुग्णालये यांच्यापुरतेच होते. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या एका मधुमेही अभियंत्याने आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावाने ते मागवले. दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासून त्याने अन्न व इन्सुलिन यांचा मेळ बसवला. एका सामान्य रुग्णाचे म्हणणे वैद्यकीय नियतकालिके छापेनात, तेव्हा त्याने पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तो डॉक्टर झाला. १९८७ मध्ये रंगाऐवजी विद्युतप्रवाह मोजणारे पेनाएवढे मापक बाजारात आले. आजचे घरगुती ग्लुकोमीटर बहुतांशी याच तत्त्वावर चालतात.

थेंबाचे माप त्या क्षणाचे असते. दीर्घकाळचा हिशेब हिमोग्लोबिनने दिला. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे; तेवढ्या काळात रक्तातील ग्लुकोज तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. मधुमेह्यांमध्ये हे शर्करायुक्त हिमोग्लोबिन वाढलेले असते, हे तेहरानच्या सॅम्युएल राहबर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. 'एचबीएवनसी' या तपासणीचा उगम हाच. मात्र पंडुरोग किंवा हिमोग्लोबिनचे काही आनुवंशिक दोष असतील, तर हा आकडा फसवू शकतो.

मग प्रश्न उरला, इतके मोजून लाभ काय? याचे उत्तर १९९३ मध्ये मिळाले. अमेरिका व कॅनडातील १४४१ इन्सुलिनावलंबी रुग्णांच्या चाचणीत वारंवार मोजून साखर काटेकोर राखणाऱ्या गटात डोळ्यांचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण त्याच गटात साखर अतिशय उतरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिप्पट झाले. प्रौढ वयातील मधुमेहावरील ब्रिटिश अभ्यासात १९९८ मध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

तिसरे उत्तर महाराष्ट्रातून आले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना दिसत होते, की आपले मधुमेही पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा तरुण व सडपातळ असतात. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. इतके लहान मूल, पण त्याच्या अंगावरील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू मात्र कमी होते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

या चित्राचा अर्थ आंबिवलीत नीट लक्षात घ्यावा लागतो. 'मी कुठे जाडा आहे?' असे म्हणून तपासणी टाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सकाळच्या लोकलने मुंबई गाठायला दीड तास, परतीला तेवढाच वेळ, दुपारी डब्यातील पोळ्या, स्थानकाबाहेर वडापाव आणि रात्री दहाला भात, असा दिवस असलेला बारीक माणूसही या रोगाच्या टप्प्यात आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले, म्हणजे सुमारे १० कोटी माणसे. गोव्यात ते २६.४ टक्के होते. जुन्या पाहणीचे निकष निराळे असल्याने आकड्यांची थेट तुलना करू नये, पण दिशा स्पष्ट आहे.

आज मीटर फडताळात आहे, पण पुष्कळदा ते तेथेच राहते, किंवा महिन्यातून एकदा उपाशीपोटीचा आकडा घेऊन समाधान मानले जाते. बुशार्दाची रीत येथे उपयोगी पडते. जेवणाआधी एक आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी एक असे जोडीने मापन करून शेजारी काय व किती खाल्ले ते वहीत लिहावे. चार दिवस दोन वाट्या भात, चार दिवस एक वाटी भात व एक वाटी उसळ, असे करून पाहिले तर फरक आपोआप दिसतो. आधी भाजी-कोशिंबीर व डाळ आणि मग भात, या क्रमानेही साखर कमी चढते. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालले तर स्नायू ग्लुकोज वापरतात. पट्ट्या महाग असल्याने रोज मोजणे जमत नसेल, तर निवडक दिवशी असे जोडीचे माप अधिक बोलके ठरते. औषधाचे प्रमाण मात्र वही दाखवून डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावे.

शिक्षकांशी या इतिहासाचा आणखी एका बाजूने संबंध येतो. वर्गात इन्सुलिन घेणारे एखादे मूल असू शकते. खेळाच्या तासानंतर किंवा डबा लांबल्यावर त्याची साखर ७० च्या खाली गेली, तर त्याला घाम येतो, हात थरथरतात, ते चिडचिडे होते किंवा प्रश्नाला भलतेच उत्तर देते. ही बेशिस्त नव्हे. मूल शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काही घालू नये आणि तत्काळ डॉक्टरांची मदत घ्यावी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे व खाऊ जवळ ठेवण्याची मुभा दिली. रोजच्या वर्गात तीच मुभा द्यायला परिपत्रकाची वाट पाहावी लागू नये. ग्लुकोजचा पुडा कपाटात ठेवावा, तो कोठे आहे हे सर्व शिक्षकांना ठाऊक असावे, आणि तास चालू असताना बोटाला सुई टोचून आकडा पाहणाऱ्या मुलाकडे इतरांनी टक लावून पाहू नये, एवढे वर्गाला आधी समजावून सांगावे.