पायरीची किंमत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. कारण तंटा मिटवायला आपल्यापाशी दुसऱ्या वाटा असतात. कैद्यापाशी त्या फारशा नसतात. औषध मिळाले नाही, पहारेकऱ्याने मारले, तर तुरुंगातच तक्रार करायची. तिथे दाद लागली नाही, की कोर्ट. त्या पायरीसाठी त्याने किती मोजावे, या प्रश्नाभोवती अमेरिकेत कायद्याचे एक अख्खे अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात पाऊल टाकणाऱ्या मराठी वाचकाचे मनापासून स्वागत.

1892 च्या कायद्याने तिथल्या संघीय न्यायालयांचे दार गरिबांना फी न भरता उघडले. 1964 मध्ये ‘कूपर विरुद्ध पेट’ खटल्यानंतर राज्यांच्या तुरुंगांतले कैदीही हक्कभंगाचे दावे लावू लागले. दावे वाढले, तशी निरर्थक दाव्यांची ओरडही वाढली. एप्रिल 1996 मध्ये ‘प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म अ‍ॅक्ट’ आला. बाहेरच्या गरिबाची फी आजही माफ होऊ शकते. कैद्याची होत नाही, तिचे फक्त हप्ते पडतात.

हे हप्ते नीट समजून घ्यावेत. दाव्याची फी 350 डॉलर. मागच्या सहा महिन्यांतली मासिक सरासरी जमा किंवा सरासरी शिल्लक, यांतली जी जास्त तिचा पाचवा हिस्सा आधी जातो. पुढे खात्यात 10 डॉलरपेक्षा जास्त रक्कम असली, की मागच्या महिन्याच्या जमेचा पाचवा हिस्सा. महिना 20 डॉलर जमा होत असतील, तर हप्ता 4 डॉलरचा आणि फेड सात वर्षांहून अधिक काळ चालते. दावा पहिल्याच छाननीत फेटाळला, तरी फी सुटत नाही. 2016 च्या ‘ब्रूस विरुद्ध सॅम्युएल्स’ निकालानुसार प्रत्येक दाव्याचा पाचवा हिस्सा वेगळा. पाच दावे असतील, तर महिन्याची सगळी जमा त्यातच जाऊ शकते. तीन दावे निरर्थक किंवा बिनबुडाचे ठरले, की हप्त्यांची सवलतही संपते. अपवाद फक्त गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर उभा असेल तेव्हाचा.

फी भरावी लागली की माणूस विचार करून दावा लावतो, हा समर्थकांचा मुद्दा आहे, आणि तो गांभीर्याने वाचायला हवा. अगदीच निष्कांचन कैद्याला अडवू नये, असे कलमही याच कायद्यात आहे. तरीही माझे सांगणे एवढेच, की निकालपत्रांआधी कैद्याचे खाते वाचा. त्यातली जमा पुष्कळदा आईने किंवा बायकोने पाठवलेली असते. कपात तिच्याही पैशातून होते, आणि तिचे नाव दाव्यात कुठेच नसते.

आपल्याकडे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 ने कोठडीतल्या माणसाला मोफत विधी सेवेचा हक्क दिला. दोन देशांनी एकाच माणसाकडे किती वेगळ्या नजरेने पाहिले, हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने इथून सुरुवात करावी.