तारपा: वारली चित्रातला सूर

वारली चित्रांत एक दृश्य हमखास आढळते. एक माणूस लांब वाद्य फुंकत उभा असतो आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची रांग वळत जाते. ते वाद्य म्हणजे तारपा. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार या भागांत वारली समाजात तो वाजवला जातो.

तारपा कसा बनतो?

वाळवून पोकळ केलेला भोपळा हा तारप्याचा हवेचा कोठा असतो. त्याला पाती बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या जोडतात. नळ्यांच्या टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा असतो. सांधे मेणाने बुजवतात. वाजवताना सूर तुटू द्यायचा नसतो. त्यासाठी वादक गालात साठवलेली हवा फुंकत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो. हे साधायला बराच सराव लागतो.

चित्रात तो मध्यभागी का असतो?

भाताचे पीक हाती येण्याच्या दिवसांत तारपा नाच रंगतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफतात आणि वादकाच्या मागे जातात. तो वळला की रांग वळते, त्याने सूर बदलला की पावले बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा संकेत आहे. रांगेचे एक टोक मोकळे असते, म्हणून चित्रातही बंद वर्तुळाऐवजी अनेकदा आत वळत जाणारे वेटोळे दिसते. चित्रकाराने जे काढलेले असते, तो नाचाचा नियमच असतो.

भिंतीवरून कागदावर

लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिण्याचा मान सुवासिनींचा होता. १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर आली. विवळवेढ्याची महालक्ष्मी ज्या डहाणू तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ती जगभर नेली. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

चित्र पोहोचले, सूर?

आज तारप्याची आकृती साड्या, कप आणि शहरांतल्या भिंतींवर दिसते. ती पाहणाऱ्या अनेकांनी तारपा कधी ऐकलेला नसतो. चित्राची नक्कल छापता येते. तारप्यासाठी मात्र भोपळा जोखणारा हात, पुरणारा दम आणि शेजारी बसून शिकणारा मुलगा लागतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील ज्येष्ठ वादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्रकाराला हा सन्मान मिळाल्यानंतर १५ वर्षांनी तो वादकापर्यंत आला. चित्रातल्या रांगेत मात्र वादक पहिल्यापासून मध्यभागीच होता.